पत्र्याच्या बादलीतला नमुना परत देणारी लॅब

पाचपैकी चार तारे.

पुरंदर तालुक्यात माझी चार एकर जमीन आहे. दोन एकर अंजीर, बाकी मेथी, पालक, कोथिंबीर. पुण्यातल्या एका मोठ्या सोसायटीच्या एसटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटचा, वाळवलेला गाळ फुकट मिळत होता, ट्रॅक्टरचं भाडं तेवढं आपलं. शेणखताची ट्रॉली आज काय भावाने पडते ते शेतकऱ्याला सांगायला नको. तीन ट्रॉल्या आणून बांधाकडेला रचल्या. त्याआधी एका ठिकाणी गाळ तपासून घेतला होता. तिथे नत्र, स्फुरद, पालाश आणि सेंद्रिय कर्ब एवढंच बघून 'उत्तम खत' असं लिहून दिलं. मुलीने तो कागद पाहिला आणि म्हणाली, "आप्पा, यात धातू कुठे आहेत? हा गटाराचा गाळ आहे, असाच पालकाला घालायचा नाही." म्हणून या लॅबमध्ये आलो.

पहिल्या दिवशी काउंटरवरच्या ताईंनी नमुना हातात घेऊन विचारलं, "काका, कशात भरून आणलात?" म्हटलं, घरच्या पत्र्याच्या बादलीत. त्यांनी तो तसाच परत दिला. बादलीला जस्ताचा मुलामा असतो, तो ओल्या गाळात उतरतो; मग अहवालातलं जस्त गाळाचं की बादलीचं, कोण सांगणार? गपचूप फी घेता आली असती, पण त्यांनी घेतली नाही. मी तिथेच ठरवलं, तपासणी यांच्याकडेच.

नमुना कसा घ्यायचा ते त्यांनी उभ्या उभ्या समजावलं. ढिगाच्या दहा-बारा ठिकाणांहून, वरचा थर सारून, प्लास्टिकच्या मगाने गाळ काढायचा. स्वच्छ प्लास्टिकवर कालवायचा, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे आणि उरलेल्याचं पुन्हा तसंच. किलोभर उरला की पिशवीत भरायचा.

आठ धातूंची फी साडेतीन हजार, अहवाल बारा दिवसांनी. कॅडमिअम, शिसं, निकेल, पारा सगळे मर्यादेत. तांबं आणि जस्त मात्र वर निघालं. शहरी कंपोस्टला आपल्याकडे किलोमागे तांब्याची मर्यादा 300 मिलिग्रॅम, जस्ताची 1000, कॅडमिअमची फक्त 5, आणि हे सगळं कोरड्या वजनावर. मला कोडं पडलं, नुसत्या राहत्या घरांच्या गाळात हे आलं कुठून? ताई म्हणाल्या, जस्ती पाइप झिजतात, पितळी नळ झिजतात, आणि पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त. पाणी शुद्ध होताना धातू गाळात बसतात. गाळ कुजून ढीग निम्मा झाला तरी धातू तेवढाच राहतो, म्हणजे किलोमागे वाढतो. मी इतकी वर्षं समजत होतो की कुजलं की सगळं निवतं.

माझी जमीन चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या वर. अशा जमिनीत हे धातू पिकात सहज चढत नाहीत, हेही त्यांनी सांगितलं. पण एकदा टाकलेला धातू रानातून काढता येत नाही, आणि पालेभाजी कॅडमिअम इतर पिकांपेक्षा जास्त ओढते, म्हणून पुढच्या प्रत्येक ट्रॉलीची तपासणी करा म्हणाल्या. 2016 च्या घनकचरा नियमांतही मर्यादेबाहेरचं कंपोस्ट खाण्याच्या पिकांना घालू नये असंच होतं, ते पान त्यांनी काढून दाखवलं. तिन्ही ट्रॉल्या मी हद्दीवरच्या बांबूला घातल्या. मेथी-पालकाच्या वाफ्यांना यंदाही शेणखतच, महाग पडलं तरी. हा पाला आमच्याच घरातली नातवंडंही खातात.

एक तारा कापला तो अहवाल सगळा इंग्रजीत आहे म्हणून. मला मुलीने वाचून दाखवला. ज्याच्या घरी वाचणारं कुणी नाही त्याने काय करायचं? आठ धातूंची नावं, आकडा आणि शेजारी मर्यादा एवढं एक पान मराठीत जोडा, पाचवा तारा मी स्वतः येऊन देईन. जाण्याआधी फोन करा, दुपारी दोननंतर नमुने घेत नाहीत.