अडखळणारी जुनी पिकअप आणि व्हॅक्यूम गेज: घ्यावा का?

रेस दिली की क्षणभर दम कोंडल्यासारखी थबकते, मग झटका देऊन पुढे सरकते. जुनी कार्बोरेटरवाली पिकअप असं करू लागली की आधी प्लग बदलतात, मग वायरी, मग डिस्ट्रिब्युटरची कॅप, शेवटी कार्बोरेटरचं किट. एवढं करूनही अडखळणं बहुतेकदा तसंच राहतं. हा खर्च करण्यापूर्वी व्हॅक्यूम (इंजिनाची हवेची ओढ) आणि फ्युएल प्रेशर (पेट्रोलचा दाब) दोन्ही दाखवणारा साधा गेज विकत घ्यावा, असं आमचं ठाम मत आहे. त्याला बॅटरी लागत नाही, आणि बिघाड हवेचा, पेट्रोलचा की टायमिंगचा (ठिणगी पडण्याच्या वेळेचा), याचा माग तो दहा मिनिटांत लावून देतो.

घेताना डायल मोठा बघा. काटा बारीक थरथरला तरी दिसला पाहिजे. व्हॅक्यूमची बाजू 30 इंचांपर्यंत (पाऱ्याचे इंच, व्हॅक्यूमचं माप) आणि प्रेशरची 10 किंवा 15 पीएसआयपर्यंत (दाबाचं माप) असते. म्हणूनच इंजेक्शनवाल्या इंजिनाच्या फ्युएल लाइनला हा गेज कधीही लावू नये. तिथे दाब सहज 40 पीएसआयच्या वर असतो, गेज फुटून गरम इंजिनावर पेट्रोल उडेल. डिझेल पिकअपवाल्यांनी तर तो घेऊच नये. जुन्या डिझेल इंजिनांत हवा अडवणारा थ्रॉटल सहसा नसतोच, मग मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या मार्गात) वाचण्याजोगा व्हॅक्यूम येणार कुठून? सोबत येणारे प्लास्टिकचे टी-जोड उष्णतेने तडकतात. पितळेचे वेगळे घ्या.

जोडताना एक चूक हमखास होते. पाईप थ्रॉटलच्या पाकळीच्या वरच्या नळीला लावला तर आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) काटा जवळपास शून्यावर राहतो आणि गेजच खराब आहे असं वाटतं. तो थेट मॅनिफोल्डच्या नळीलाच लावा, इंजिन पूर्ण गरम करा, मगच वाचा.

समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन आयडलला 17 ते 22 इंच दाखवतं आणि काटा स्थिर राहतो. दर 1000 फूट उंचीला साधारण एक इंच वजा धरा, नाहीतर डोंगराळ भागातली चांगली गाडी उगाच खोलली जाईल. काटा स्थिर आहे पण 15 च्या खाली, तर टायमिंग मागे गेलंय किंवा कुठूनतरी हवा शिरतेय. मग ब्रेक बूस्टरचा (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक हलका करणाऱ्या डब्याचा) पाईप चिमटीत दाबून बघा. काटा वर चढला तर गळती त्याच बाजूला. काटा तीन-चार इंचांत संथ झुलत असेल तर मिश्रण बिघडलेलं असतं. ठरावीक तालात खाली झटका खात असेल तर एखादा सिलिंडर मिसिंग मारतोय किंवा व्हॉल्व्ह जळलाय. आकड्यापेक्षा काट्याची चाल महत्त्वाची, आणि ती ओळखायला नजर बसेपर्यंत थोडा वेळ जातो.

आणखी एक चाचणी सहसा कुणी करत नाही. इंजिन 2500 आरपीएमला मिनिटभर धरून ठेवा. व्हॅक्यूम हळूहळू उतरत गेला तर सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबलाय. चढावर दम तोडणाऱ्या गाडीत हे आधी तपासावं.

फ्युएलची बाजू पटकन होते. कार्बोरेटरच्या अलीकडे टी बसवून वाचा. यांत्रिक पंपाचा दाब साधारण 4 ते 7 पीएसआय असला तर पुरे. मात्र दाब ठीक असूनही पेट्रोल कमी येऊ शकतं. त्यासाठी पाईप भांड्यात सोडून 30 सेकंदांत सुमारे अर्धा लिटर येतं का ते मोजा. कमी आलं तर आधी फिल्टर आणि आतून फुगलेला रबरी पाईप बघा, पंप नंतर. हे काम इंजिन थंड असताना करा आणि अग्निशामक हाताशी ठेवा.

सगळे आकडे चोख आले आणि तरीही पाय दाबताक्षणी गाडी थबकतेच, तर ॲक्सिलरेटर पंपाकडे वळा. तो बिघाड हा गेज दाखवत नाही. थ्रॉटल एकदम उघडला की हवा लगेच धावते, जड पेट्रोल मागे पडतं आणि ती पोकळी या पंपाच्या पिचकारीने भरायची असते. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढा आणि हाताने थ्रॉटल उघडत कार्बोरेटरच्या घशात बघा. धार त्याच क्षणी, जोरात आणि सलग यायला हवी. उशिरा आली किंवा नुसती ठिबकली, तर पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) कडक झालाय, नोझल तुंबलंय किंवा लिंकेज सैल आहे. धार नीट असेल तर डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा (व्हॅक्यूमनुसार टायमिंग पुढे नेणाऱ्या भागाचा) पाईप काढून तोंडाने ओढा आणि जिभेने बंद करा. ओढ टिकली नाही तर तिथला डायफ्राम फाटलाय.