डोंबिवली पूर्व की शीळ रोडची टाउनशिप? लहान मुलं असतील तर घर कुठे घ्यावं

बजेट तेवढंच, एकीकडे स्टेशनपासून दहा मिनिटांवर जुन्या बिल्डिंगमधला वन बीएचके आणि दुसरीकडे कल्याण-शीळ रोडवर टाउनशिपमध्ये टू बीएचके, वर क्लबहाऊस, स्विमिंग पूल, गार्डन. बहुतेक जण हा हिशोब स्क्वेअर फुटावर करतात आणि मोकळे होतात. मला विचाराल तर मुलं दहाच्या आतली असतील तर आधी हे बघा की घरातून पायी निघालं की काय काय उरकतं.

टाउनशिपचं आधी सांगते, कारण तिथलं चांगलं आहे ते खरंच चांगलं आहे. आतले रस्ते रुंद, फुटपाथ सलग, झाडं आहेत, बाबागाडी घेऊन निवांत फिरता येतं, मूल सायकल शिकायला लागलं की मागे धावताना रिक्षा अंगावर येईल ही भीती नाही. लिफ्ट आहे, पार्किंग आहे. डोंबिवलीत रामनगर, टिळकनगर, फडके रोड कुठेही बाबागाडी ढकलून बघा, फुटपाथ असला तर त्यावर दुकानाचं सामान नाहीतर लावलेली बाईक, मग उतरायचं रस्त्यात. हायकोर्टाने 2017 मध्ये स्टेशनपासून 150 मीटरच्या आत फेरीवाले नकोत म्हणून निकाल दिला, पण संध्याकाळी स्टेशनबाहेर पडून बघा म्हणजे कळेल त्याचं काय झालं ते.

पण मूल सात-आठ वर्षांचं झालं की गणित उलटं फिरतं. टाउनशिपमध्ये चालायला रस्ता छान आहे पण चालून जायचं कुठे? शाळा आत असली तर ठीक, बाकी चांगला तबल्याचा क्लास, डोळ्यांचा डॉक्टर, नाटक, सगळ्याला रिक्षा नाहीतर गाडी, म्हणजे मुलाच्या प्रत्येक क्लासला आईबाबांपैकी एक जण ड्रायव्हर. आणि शीळ रोडचं ट्रॅफिक आपल्याला माहितीच आहे. निळजे स्टेशन जवळ आहे असं ब्रोशरमध्ये लिहितात, पण ते दिवा-पनवेल मार्गावर आहे, गाड्या मोजक्याच, ऑफिसला जायला शेवटी डोंबिवली स्टेशनच गाठावं लागतं. मेट्रो 12 चं, म्हणजे कल्याण-तळोजा मेट्रोचं, काम चालू आहे, पण घर आज घ्यायचं असेल तर ती आज नाही असं धरूनच हिशोब करा.

डोंबिवली पूर्वेला संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला लोकलमधून उतरणाऱ्या बायका बघा. स्टेशनपासून घरापर्यंतच्या वाटेतच भाजी, दूध, पोळी-भाजी केंद्रातून सहा पोळ्या, मुलाची वही, आजींची गोळी, सगळं होतं आणि वेगळी फेरी नाही. दोघं नोकरी करणाऱ्या घरात रोजचा जो तास वाचतो ना, तो मुलांना मिळतो. आमच्या बिल्डिंगमधली तिसरीतली मुलगी क्लासला एकटी जाते, वाटेत इस्त्रीवाले काका आहेत, पुढे वाणी आहे, तिला एखाद्या दिवशी उशीर झाला तर इस्त्रीवाले काका तिच्या आजीला फोन करतात. ही ओळख सोसायटीच्या अ‍ॅपमधून येत नाही, रोज त्याच रस्त्यावरून पायी गेल्यानेच होते.

आजी-आजोबा सोबत असतील तर मला फार विचार करावासा वाटत नाही. पेन्शनची बँक, गणेश मंदिर, लायब्ररी, मैत्रिणी सगळं पायी, कोणावर अवलंबून राहायचं नाही. गुढीपाडव्याची शोभायात्रा 1999 मध्ये इथेच सुरू झाली, दिवाळीच्या पहाटे फडके रोड तरुण पोरांनी फुललेला असतो, आणि मुलं हे सगळं घरातून चालत जाऊन बघतात. टाउनशिपमध्येही गणपती, नवरात्र जोरात होतं, नाही असं नाही, फक्त माणसं साधारण एकाच वयाची, एकाच कमाईची.

जुन्या भागाचे तोटे लपवण्यासारखे नाहीत. तीन-चार मजली बिल्डिंगला लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते रोजचं ओझं आहे. रिडेव्हलपमेंट शेजारी चालू असेल तर धूळ आणि आवाज वर्षानुवर्षं. एमआयडीसीच्या बाजूला बघत असाल तर तिथल्या केमिकल कारखान्यांमधले 2016 आणि 2024 चे स्फोट लक्षात ठेवा, मी तरी लहान मुलांना घेऊन तिकडे जाणार नाही.

तर, मूल तीनच्या आतलं, एक जण घरून काम करणारा, घरात गाडी, असं असेल तर टाउनशिप घ्या, सुखात राहाल. दोघं लोकलने जाणारे, मूल शाळेत, सोबत आजी-आजोबा, तर एक खोली कमी चालेल पण डोंबिवली पूर्वच, फक्त पहिला-दुसरा मजला किंवा लिफ्ट असलेली बिल्डिंग बघा.

घर बघायला रविवारी सकाळी जाऊ नका, सगळं छानच दिसतं. कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाला मुलाला घेऊन जा, शाळा, क्लास, डॉक्टर, वाणी या चारही ठिकाणी त्याचा हात धरून चाला, जमलं तर पावसात. आणि कागद वकिलाकडून तपासून घ्या, महारेरा नंबर, म्हणजे बांधकाम प्रकल्पाची सरकारी नोंदणी, आहे एवढ्यावर थांबू नका, डोंबिवलीच्या भागातल्या 65 इमारतींनी खोट्या परवानग्या दाखवून तो नंबर मिळवला होता आणि 2024 मध्ये हायकोर्टाने त्या पाडायला सांगितल्या, आत राहणाऱ्या कुटुंबांनी कर्ज काढून ती घरं घेतली होती.