ओळखीचे जाळे की कामाची नोंद? ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी वेब साधनांचा तुलनात्मक आढावा

ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यावर पहिल्या एक-दोन महिन्यांतच विद्यार्थ्याच्या कानावर साधनांची नावे पडू लागतात. संदर्भसूचीसाठी झोटेरो किंवा मेंडेली वापरा, लिंक्डइनवर खाते उघडा, ऑर्किड हा संशोधकाचा ओळख-क्रमांक काढून ठेवा, रिसर्चगेट या संशोधकांच्या संकेतस्थळावर या, विकिडेटा या मुक्त माहितीसाठ्यावर संपादन शिका, कोहा ही ग्रंथालयाची संगणक प्रणाली येते का पाहा, असे सल्ले वेगवेगळ्या दिशांनी येतात आणि प्रत्येक सल्ला आपापल्या जागी बरोबरही असतो. अडचण वेळेची आहे. गोव्यातील काणकोण किंवा सत्तरीतून रोज बसने पणजीला ये-जा करून, घरी पोचल्यावर गृहपाठ उरकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती आठवड्याला चार-पाच तासांहून अधिक मोकळा वेळ उरत नाही. तो कशावर खर्च करावा हे ज्याला ठरवायचे आहे, त्याच्यासाठी हा आढावा आहे.

या साधनांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एका वर्गातील साधने आपण कोण आहोत हे इतरांना सांगतात. लिंक्डइन, रिसर्चगेट आणि त्याच्यासारखेच अकॅडेमिया ही त्यांची उदाहरणे होत. दुसऱ्या वर्गातील साधनांनी आपण काही काम करतो, आणि त्या कामातून ओळख झालीच तर होते; झोटेरो, विकिडेटा आणि कोहा या वर्गात येतात. दोन्ही वर्गांना मी एकच कसोटी लावतो: उद्या ही सेवा बंद पडली, तर विद्यार्थ्याच्या हाती काय राहील?

ही कसोटी निराशेतून आलेली नाही, आपल्या व्यवसायाच्या अलीकडच्या इतिहासातून आली आहे. वाचकांनाही लिहिता व भर घालता येणाऱ्या संकेतस्थळांसाठी ‘वेब २.०’ हा शब्द २००४ च्या सुमारास रूढ झाला आणि पुढच्याच वर्षी तीच कल्पना ग्रंथालयांना लावणाऱ्या ‘लायब्ररी २.०’ची चर्चा सुरू झाली. त्या काळी ग्रंथपालांना आवर्जून शिकवल्या जाणाऱ्या सेवांपैकी डिलिशियस ही दुवे साठवण्याची सेवा २००३ साली निघाली, २००५ साली याहूने घेतली आणि अनेक हातांतून फिरून २०१७ साली केवळ वाचण्यापुरती उरली. निरनिराळ्या संकेतस्थळांवरचे नवे लेख एकत्र वाचण्याचे गूगल रीडर १ जुलै २०१३ रोजी बंद झाले. एकत्र मिळून पाने लिहिण्याचे, शिक्षकांच्या आवडीचे विकीस्पेसेस २०१८ साली आवरते घेतले गेले. माझ्या स्वतःच्या दोन सत्रांच्या टिपा अशाच एका सेवेबरोबर गेल्या. तिचे नाव आज कोणाला आठवतही नसेल. ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद करणारी दाखल नोंदवही शंभर वर्षे टिकावी म्हणून जाड कागद आणि पक्की शाई वापरणाऱ्या व्यवसायातील माणसाने स्वतःच्या टिपांबाबत इतके बेफिकीर असावे, याची मला अजून थोडी लाज वाटते.

पहिली खरी निवड झोटेरो आणि मेंडेली यांच्यात करावी लागते, आणि तिच्यावर थोडा जास्त विचार करणे योग्य ठरेल, कारण संदर्भ जमवण्याची सवय एकदा जिथे जडते तिथेच प्रबंधापर्यंत राहते. झोटेरो २००६ साली अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहास-केंद्रातून निघाले. ते मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याची संगणकीय संहिता सर्वांना खुली आहे. मेंडेली काही वर्षांनी आले आणि २०१३ साली एल्सव्हियर या प्रकाशनसंस्थेने ते विकत घेतले. वरवर पाहता मेंडेलीचे पारडे जड दिसते, कारण फुकट मिळणारी साठवण तिथे २ गिगाबाइट आहे, तर झोटेरोकडे ती फक्त ३०० मेगाबाइट आहे, आणि स्कॅन केलेल्या जुन्या पुस्तकांच्या पाच-सहा फायलींतच ती संपू शकते. मात्र ही मर्यादा फक्त जोडलेल्या फायलींना लागू होते. ग्रंथनोंदी कितीही ठेवता येतात, आणि फायली आपल्या संगणकावर ठेवून नोंदी तेवढ्या समक्रमित करण्याची, म्हणजे आपल्या सर्व संगणकांवर सारख्या ठेवण्याची, सोय आहे. विद्यार्थ्याला एवढे पुरते.

मेंडेलीच्या बाजूने सांगायचे तर विज्ञान आणि वैद्यक शाखांतील इंग्रजी लेखांच्या पीडीएफ फायली टाकताच ते लेखक, नियतकालिक व वर्ष बऱ्यापैकी अचूक ओळखते, आणि त्याची मांडणीही नवख्याला सोपी वाटते. ज्याला दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी संशोधकांना सेवा द्यायची आहे, त्याने ते ओळखीचे करून घ्यावे. पण एके काळी मेंडेलीची जी सामाजिक बाजू होती, म्हणजे सार्वजनिक गट आणि सदस्यांची ओळखपाने, ती कंपनीने पुढे काढून टाकली. २०१८ साली संगणकावरील माहितीसाठाही सांकेतिक स्वरूपात बंदिस्त केला गेला आणि दुसऱ्या साधनाला तो थेट वाचता येईनासा झाला. नोंदी निर्यात करण्याचे इतर मार्ग आहेत, हे मान्य करूनही माझ्या कसोटीवर झोटेरो पुढे जाते.

गोव्यात काम करणाऱ्याला झोटेरो अधिक जवळचे वाटण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते नावांशी निगडित आहे. आपल्या ग्रंथसंग्रहांत मराठी, कोकणी, पोर्तुगीज आणि इंग्रजी पुस्तके एकाच फळीवर येतात. कृष्णदास शामा या जुन्या गोमंतकीय ग्रंथकाराच्या नावाचे आडनाव-पहिले नाव असे तुकडे पाडणे योग्य नाही. झोटेरोत लेखकाचे नाव एकाच रकान्यात अखंड भरण्याची सोय असल्यामुळे ते आहे तसे राहते. याउलट जुआकिम एलिओदोरु द कुन्हा रिव्हारा यांच्यासारख्या पोर्तुगीज नावात शेवटचा शब्द हा नोंदीचा शब्द, म्हणजे यादीत ज्याखाली नाव लागते तो शब्द, धरावा लागतो, म्हणून पोर्तुगीज पद्धतीने ते ‘रिव्हारा’खाली येतात, तर आपल्याकडचा वाचक त्यांना ‘कुन्हा रिव्हारा’ म्हणूनच शोधतो. हे गृहस्थ १८५५ साली सरकारचे सचिव म्हणून गोव्यात येण्यापूर्वी पोर्तुगालमध्ये एव्होरा येथे ग्रंथपाल होते, तेव्हा त्यांच्या नावाच्या नोंदीवर थोडा जास्त वेळ गेला तर ते रागावले नसते. शिवाय कोहावर चालणाऱ्या ग्रंथालयाच्या ऑनलाइन तालिकेतून (ग्रंथसूचीतून) झोटेरो पुस्तकाची नोंद थेट उचलते, त्यामुळे तालिकीकरणाच्या सरावाला ते आपोआप जोडले जाते.

आता ओळखीच्या साधनांकडे वळू. लिंक्डइन २००३ साली सुरू झाले आणि २०१६ साली मायक्रोसॉफ्टने घेतले. खासगी कंपन्या, आंतरराष्ट्रीय शाळा, प्रकाशनसंस्था आणि माहिती-व्यवस्थापनाची कामे देणाऱ्या संस्था यांच्याकडे नोकरी शोधणाऱ्याने तिथे नीटनेटके ओळखपान ठेवणे फायद्याचे आहे. बंगळुरू किंवा पुण्याला जाण्याची तयारी असणाऱ्याने तर ते ठेवावेच. मात्र गोव्यातील सरकारी ग्रंथालयांतील पदे तिथे शोधणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही. ती जाहिरातींतून भरली जातात. पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, कोकणीचे आवश्यक ज्ञान आणि मराठीचे असल्यास उत्तम, या अटी त्या जाहिरातींत असतात, आणि लिंक्डइनवरील पाचशे ओळखी त्यांपैकी एकाही अटीची पूर्तता करीत नाहीत. ज्याचे उद्दिष्ट सरकारी सेवा हेच आहे, त्याने या साधनाला महिन्यातून एक तास दिला तरी चालेल.

ऑर्किडचे स्वरूप निराळे आहे. २०१२ साली सुरू झालेली ही सोळा अंकी ओळख-क्रमांकाची व्यवस्था कोणाच्याही नावाचा गोंधळ टाळण्यासाठी आहे. नाईक, गावकर किंवा फर्नांडिस आडनावाच्या संशोधकाला तिचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही. खाते उघडायला काही मिनिटे लागतात, पैसे लागत नाहीत, आणि आज नाव लावण्यासारखा एकही लेख नसला तरी क्रमांक काढून ठेवल्याने काही बिघडत नाही. रिसर्चगेट मात्र विद्यार्थिदशेत थांबू शकते. ते लेख प्रसिद्ध झालेल्यांसाठी आहे. अकॅडेमियाच्या पत्त्याच्या शेवटी ‘ईडीयू’ आहे म्हणून ती विद्यापीठाची सेवा आहे असे कित्येकांना वाटते, प्रत्यक्षात ती खासगी कंपनी आहे. माहितीचा उगम तपासणे हा ज्याच्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे, त्याने एवढे तरी पाहावे.

व्हॉट्सअॅपवरील व्यावसायिक गटांना या तुलनेतून वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल, कारण गोव्यात जाहिरात, कार्यशाळेची सूचना किंवा एखाद्या ग्रंथपालाचा दूरध्वनी क्रमांक सर्वांत लवकर तिथेच मिळतो. त्यांचा दोष असा की तिथे विचारलेला प्रश्न आणि मिळालेले उत्तर आठवड्यानंतर सापडत नाही. वर्गीकरणाविषयीचे फार चांगले खुलासे मी सणाच्या शुभेच्छांखाली गाडले गेलेले पाहिले आहेत. असा खुलासा दिसला की त्याच दिवशी झोटेरोत टीप म्हणून उतरवून ठेवावा.

दुसऱ्या वर्गातील विकिडेटाला मी ओळखपानांपेक्षा वरचे स्थान देतो. २०१२ साली सुरू झालेल्या या मुक्त माहितीसाठ्यात प्रत्येक व्यक्तीला, ग्रंथाला व स्थळाला एक क्रमांक असतो आणि त्याखाली निरनिराळ्या भाषांतील नावे व पर्यायी नावे नोंदवता येतात. एकाच व्यक्तीची निरनिराळी नावे एका ठरलेल्या नावाखाली आणणाऱ्या ज्या नोंदीला वर्गात आपण प्राधिकृत नामनोंद म्हणतो, तिचाच हा जिवंत सराव आहे. बा. भ. बोरकर, बाळकृष्ण भगवंत बोरकर आणि बाकीबाब ही एकाच कवीची नावे आहेत, हे गोमंतकीय वाचकाला ठाऊक असते, पण संगणकाला ते कोणीतरी सांगावे लागते. जुन्या मुखपृष्ठावर प्रकाशनस्थळ म्हणून ‘नोव्हा गोवा’ छापलेले असते. ते पणजीच, हेही सांगावे लागते. गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोशाचे चार खंड २०१३ साली मुक्त परवान्याखाली खुले केल्यामुळे आणि २०१५ साली कोकणी विकिपीडिया स्वतंत्रपणे सुरू झाल्यामुळे या कामाला लागणारी सामग्री आपल्याकडे आहे. विकिपीडियावर ग्रंथपालांनी लेखांना संदर्भ जोडण्याची ‘एक ग्रंथपाल, एक संदर्भ’ ही मोहीम २०१६ पासून चालते. तिच्यात केलेली प्रत्येक भर आपल्या सदस्यनामासह इतिहासात नोंदली जाते. मुलाखतीला बसलेल्या अनुभवी ग्रंथपालाला असे पन्नास संपादनांचे पान दाखवता आले, तर बायोडाटातील ‘संगणकाचे ज्ञान आहे’ या ओळीपेक्षा त्याचे वजन निश्चितच अधिक पडते. या मार्गाची उणीव सांगायची तर सुरुवातीचे दोन महिने फार एकाकी वाटतात, आणि एखादे संपादन दुसऱ्या सदस्याने रद्द करून परतवले की उत्साह खचतो.

कोहाविषयी थोडक्यात सांगतो. न्यूझीलंडमधील एका छोट्या ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि २००० सालच्या आरंभी वापरात आलेली ही मुक्तस्रोत प्रणाली लिनक्स असलेल्या संगणकावर विद्यार्थी स्वतः बसवू शकतो. सरकारी ग्रंथालयांसाठीचे ई-ग्रंथालय आणि विद्यापीठीय ग्रंथालयांना जोडणाऱ्या इन्फ्लिबनेट या केंद्राचे सोल ही अशाच कामाची दोन्ही साधने संस्थेमार्फत मिळतात, म्हणून ती प्रशिक्षणाच्या काळात शिकणे सोयीचे. घरी रात्री बसून चुका करत शिकायचे असेल तर कोहाच हवे. त्याला वेळ मात्र बराच लागतो, आणि पहिल्या सत्रात मी त्याचा आग्रह धरणार नाही.

तेव्हा वेळेची वाटणी उद्दिष्टावर ठरवावी. गोव्यातच सरकारी किंवा महाविद्यालयीन ग्रंथालयात काम करायचे असेल, तर पहिल्या सत्रात झोटेरो, ऑर्किडसाठी एक संध्याकाळ आणि पणजीत पाटो येथील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात महिन्यातून दोन फेऱ्या असे करावे. १८३२ साली स्थापन झालेल्या या ग्रंथालयात जुन्या गोमंतकीय व पोर्तुगीज ग्रंथांच्या संदर्भ टेबलापाशी बसणाऱ्यांशी जी ओळख होते, तिला कोणत्याही साधनाचा पर्याय नाही. दुसऱ्या सत्रापासून विकिडेटाला आठवड्याला दोन तास द्यावेत. खासगी क्षेत्रात किंवा गोव्याबाहेर जायचे असेल, तर विकिडेटाचा एक तास काढून लिंक्डइनला द्यावा आणि तिथे मते लिहिण्याऐवजी आपण केलेल्या ग्रंथसूच्यांचे झोटेरोतील सार्वजनिक दुवे ठेवावेत. संशोधनाकडे वळणाऱ्याने मेंडेलीही शिकावे, पण मूळ संग्रह झोटेरोतच ठेवून. जो यांपैकी काहीच ठरवू शकलेला नाही, त्याने दिवाळीच्या सुट्टीत आपल्या गावच्या वाचनालयातील एक कपाट निवडून त्यातील पुस्तकांच्या नोंदी झोटेरोत भराव्यात. साठ-सत्तर पुस्तके झाली की हे काम आपल्याला आवडते की नाही ते त्याचे त्यालाच कळेल, आणि वाचनालयाच्या कार्यवाहांना छापील यादीही मिळेल.