एम.बी.ए.ची इंटर्नशिप: सोलापुरात करावी की पुण्यात?

दुसऱ्या सेमिस्टरची परीक्षा तोंडावर आली की सोलापुरातल्या एम.बी.ए.च्या वर्गांत एकच चर्चा असते: प्रोजेक्ट कुठे मिळाला? एआयसीटीई या तंत्र आणि व्यवस्थापन शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या अभ्यासक्रमात उन्हाळी इंटर्नशिप सहा ते आठ आठवड्यांची आहे. वर्गातल्या अर्ध्याअधिक जणांचे डोळे पुण्याकडे असतात. काही जण काकांच्या ओळखीने एखाद्या बँकेत चिकटतात, आणि उरलेले ‘सर, तुम्हीच बघा ना कुठेतरी’ म्हणत स्टाफरूमच्या दारात उभे राहतात. गाइड म्हणून या सगळ्यांचे रिपोर्ट माझ्या टेबलावर येतात, त्यामुळे कुठे जाऊन कोण काय शिकून आला हे मला बऱ्यापैकी कळतं.

माझी कसोटी एकच आहे. तिथे तुम्हाला खरे आकडे कोण दाखवणार? शहर, कंपनीचं नाव, एसी ऑफिस हे सगळं त्यानंतर. मुलाखतीत ‘प्रोजेक्टमध्ये काय केलं?’ असं विचारल्यावर स्वतः गोळा केलेला, स्वतः तपासलेला एखादा तक्ता ज्याच्या हाताशी असतो तो दहा मिनिटं बोलू शकतो. बाकीचे ‘इट वॉज अ ग्रेट लर्निंग एक्स्पीरियन्स’ म्हणून थांबतात. याच कसोटीवर आता एकेक पर्याय बघू.

पुणे

आधी खर्च. कॉट बेसिसवर जागा घेतली तरी महिन्याला चार-पाच हजार, मेसचे तीन-साडेतीन हजार, वर बस-रिक्षा आणि चहापाणी. दोन महिन्यांत वीस हजार सहज उडतात. रोज ये-जा करण्याचा विचारही करू नका. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पुण्यात पोचते तोवर दहा वाजून गेलेले असतात, आणि हिंजवडी किंवा चाकण स्टेशनपासून आणखी लांब. त्यामुळे स्टायपेंड नसलेली पुण्याची इंटर्नशिप म्हणजे घरच्यांनी दिलेली वीस हजारांची फी समजा, आणि तेवढं तिथे मिळणार आहे का ते आधी विचारा.

काही वेळा मिळतंही. चाकणच्या वाहन उद्योगातल्या एखाद्या पुरवठादार कंपनीत पर्चेस विभागात बसायला मिळालं तर सॅप हे कंपनीच्या व्यवहारांचं सॉफ्टवेअर कसं चालतं, व्हेंडर रेटिंग कसं होतं, डिलिव्हरी चुकली की मेल कशी लिहितात हे सगळं दोन महिन्यांत अंगवळणी पडतं. शिवाय नोकरीसाठी शेवटी पुण्यालाच जायचं असेल तर तिथे चार माणसं ओळखीची होतात. याचं मोल मी कमी धरत नाही.

अडचण पुढे आहे. मोठ्या कंपन्यांच्या चांगल्या जागा पुण्या-मुंबईच्या ठरावीक कॉलेजांतच भरतात. आपल्याकडच्या मुलांच्या वाट्याला बऱ्याचदा येते ती एखादी मनुष्यबळ पुरवणारी कन्सल्टन्सी. पदाचं नाव ‘एचआर इंटर्न’. काम म्हणजे सकाळी दहापासून फोन फिरवायचे, ‘जॉब बदलायचा विचार आहे का?’ असं विचारायचं आणि उत्तर एक्सेलमध्ये भरायचं. त्या एक्सेलचं पुढे काय होतं हे इंटर्नला कोणी सांगत नाही. रिपोर्ट मात्र ‘अ स्टडी ऑफ रिक्रूटमेंट प्रोसेस’ या नावाने येतो आणि त्यातली निम्मी पानं पाठ्यपुस्तकातली असतात.

चिंचोळी आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कंपन्या

सोलापुरात शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्या आहेत हे अनेक विद्यार्थ्यांच्या गावीही नसतं. गाड्यांच्या इंजिनाचे कॅमशाफ्ट बनवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स इथलीच, रसायनांतली बालाजी अमाइन्सही इथलीच. अशा कंपनीत आत जायला मिळालं तर पुण्याच्या कारखान्यात जे दिसतं त्यातलं बरंचसं इथे घरचं जेवून शिकता येतं: शिफ्ट, सेफ्टी, ऑडिट, ग्राहक कंपनीच्या अटी. प्रवेश मात्र सोपा नाही. एचआरला कॉलेजचं पत्र, बायोडाटा आणि नेमका विषय महिना-दोन महिने आधी गेलेला बरा.

फायनान्सवाल्यांना एक सूचना. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत जाऊन पाच वर्षांचं रेशो अॅनालिसिस करू नका. तिचा वार्षिक अहवाल घरी बसून डाउनलोड होतो, मग उन्हात तिथवर जायचं कशाला? आत गेलातच तर बाहेर न दिसणारं काही मागा. एखाद्या मशीनचा डाउनटाइम, स्टोअर्समध्ये वर्षभर न हललेला माल, कंत्राटी कामगारांची गळती. कंपनी आकडे जसेच्या तसे बाहेर देणार नाही, पण टक्केवारीत मांडायला सहसा हरकत घेत नाही.

कापडाचे कारखाने

मोठं नाव नसल्यामुळे विद्यार्थी याच पर्यायाला नाकं मुरडतात. माझं मत नेमकं उलट आहे.

सोलापुरी चादर आणि टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. गेल्या काही वर्षांत त्यांच्या जोडीने शाळेच्या गणवेशांचा मोठा धंदा उभा राहिला. इंटर्नशिप येते मे-जूनमध्ये, आणि गणवेशाचा सीझनही तेव्हाच टिपेला असतो. शाळा उघडायच्या आत माल दुकानात पोचला पाहिजे. एरवी वर्गात ‘सप्लाय चेन’ म्हणून जे शिकवतो ते तेव्हा कारखान्याच्या दारात ढिगाने पडलेलं दिसतं.

एक विद्यार्थिनी अशाच एका गणवेशाच्या कारखान्यात गेली. एचआर विभाग नाही, केबिन नाही. मालक, त्यांचा मुलगा, कटिंग मास्तर आणि शिलाईच्या ओळी. पहिला आठवडा तिला कोणी काही काम दिलं नाही. ती पॅकिंगच्या टेबलापाशी बसून राहिली. मग तिच्या लक्षात आलं की प्रत्येक लॉटमध्ये काही साइज आधी संपतात आणि काही दरवर्षी उरतात. तिने मागच्या सीझनची चलनबुकं काढली आणि दुकानदारांनी नंतर फोन करून जादा मागवलेले साइज वेगळे लिहिले. कटिंग मास्तर साइजचं प्रमाण अंदाजाने धरत होते, आणि तो अंदाज कित्येक वर्षांपूर्वीचा होता. मुलं तेव्हापेक्षा अंगाने भरली आहेत. मधल्या साइजची अर्धी चड्डी उरत होती आणि त्यावरची कमी पडत होती. उरलेल्या मालावर शाळेचा रंग आणि पॅटर्न असल्याने तो दुसऱ्या कोणाला विकताही येत नाही. तिचा तक्ता बघून मालक मुलाला म्हणाले, ‘हे पुढच्या वर्षी लावून बघ.’ रिपोर्टची भाषा साधी होती, दोन ठिकाणी व्याकरणही चुकलं होतं. पण व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला बराच वेळ सोडलं नाही, कारण त्यांनाच ऐकायचं होतं.

फायनान्सवाल्यांसाठीही इथे खाण आहे. टॉवेलच्या कारखानदाराला सुताचे पैसे लवकर द्यावे लागतात आणि मालाचे पैसे मात्र उधारीवर, दोन-तीन महिन्यांनी येतात. मधली खिंड बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर लढवायची. त्यात आयकराच्या ४३बी(एच) या तरतुदीने भर घातली. २०२४-२५ या आकारणी वर्षापासून ती लागू झाली. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत चुकतं केलं नाही, तर खरेदीदाराला ती रक्कम त्या वर्षाच्या खर्चात धरता येत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी धरता येते. याने वसुली खरंच सुधारली, की मोठ्या पार्ट्यांनी ऑर्डर दुसरीकडे वळवल्या? दहा पार्ट्यांची खाती घेऊन आधीचे आणि नंतरचे वसुलीचे दिवस मांडा. असा प्रोजेक्ट ग्रंथालयात तयार मिळत नाही.

तोटेही सांगतो. स्टायपेंड बहुधा नाहीच. वर्कशेड पत्र्याची, आणि मे महिन्यातलं सोलापूर म्हणजे बेचाळीस-त्रेचाळीस अंश. वेळेला धरबंध नसतो, मालक गावाला गेले की दोन दिवस काहीच होत नाही. लेखी काही मागितलं की ‘कशाला लिहून पाहिजे?’ येतं. वही दाखवायला पहिले काही दिवस कोणी तयार नसतं, विश्वास बसावा लागतो. पार्ट्यांची नावं रिपोर्टमध्ये ‘पार्टी अ’, ‘पार्टी ब’ अशी घालेन असं स्वतःहून सांगितलं की गाडी पुढे सरकते. तेलुगू येत असेल तर आणखी लवकर. शहराच्या पूर्वभागातल्या कारखान्यांत कामाची बोली अजूनही बरीच तेलुगू आहे, आणि आपल्या वर्गात ती येणारी मुलं असतातच. ती मुलं बायोडाटात ही भाषा लिहीतच नाहीत, हे मला कधी कळलेलं नाही.

साखर कारखाना

जिल्ह्यात साखर कारखाने भरपूर, ओळखीही भरपूर. पण गाळप नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतं आणि उन्हाळ्याआधी आटोपतं. तुम्ही जाल तेव्हा मिल खोललेली असेल. ऑपरेशन्सचा विषय घेऊन गेलात तर बंद यंत्रांचे फोटो काढून परत याल.

फायनान्स आणि पर्चेसवाल्यांचं मात्र उलट आहे. उन्हाळ्यातच पुढच्या हंगामाचे तोडणी-वाहतुकीचे करार सुरू होतात, ऊसतोड टोळ्यांच्या मुकादमांना आगाऊ उचल दिली जाते, सुट्या भागांची खरेदी होते. मागच्या हंगामातली एफआरपी, म्हणजे उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर, कोणाला कधी मिळाली हेही तेव्हाच कागदावर स्पष्ट असतं. कायद्याने ती ऊस दिल्यापासून १४ दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर १५ टक्के व्याजासह. उचल देऊन न फिरकलेल्या टोळ्यांची वसुली हा विषय तर संवेदनशील आहे, पण कोणी करू दिला तर सोन्यासारखा.

बँक, विमा आणि घरबसल्या

नागरी सहकारी बँकेत ओळखीने जागा मिळते. दोन महिने केवायसीचे फॉर्म लावण्यात जातात, कर्जाच्या फायली गोपनीय म्हणून दिसत नाहीत. एखाद्या शाखाधिकाऱ्याने मनावर घेतलं तर गोष्ट वेगळी. विमा किंवा डिमॅट खात्यांची ‘मार्केटिंग इंटर्नशिप’ म्हणजे आत्या-मामांना पॉलिसी विकणं. टार्गेट असेल तर ती नोकरी आहे, आणि बिनपगारी आहे. ऑनलाइन जागांपैकी नोंदणीची फी मागणाऱ्या थेट सोडून द्या. घरबसल्या चांगलं काम मिळतं ते डिजिटल मार्केटिंगवाल्यांना, तेही एखाद्या खऱ्या दुकानाचं पेज हाताळायला मिळालं तर.

सरकारी योजनांबद्दलही विचारणा होते. पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरुवातीला तरी तुमच्यासाठी नव्हती. ती २०२४ मध्ये १२ महिन्यांसाठी आणि दरमहा ५,००० रुपयांवर सुरू झाली तेव्हा पूर्णवेळ शिकणारे आणि एम.बी.ए. झालेले असे दोघेही तिच्यातून वगळले गेले. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतही शिक्षण चालू असलेले बसत नाहीत.

मग कोणी काय घ्यावं?

ऑपरेशन्स: आधी चिंचोळी-अक्कलकोट रोड, ते जमलं नाही तर कापड. पुण्याला चाकणच्या कारखान्यात, स्टायपेंडसह मिळत असेल तरच.

फायनान्स: सोलापूरच. कापड किंवा साखर. इथे खातेवही दाखवणारा माणूस सापडतो, पुण्यात इंटर्नला ती दिसणं अवघड.

एचआर: पुण्याला गेलेलं बरं, पण कंपनीच्या स्वतःच्या एचआर विभागात. कन्सल्टन्सीत फोन फिरवायचे असतील तर त्यापेक्षा इथल्याच एखाद्या गारमेंट युनिटमध्ये शिलाई कामगार का टिकत नाहीत ते विचारत फिरा.

मार्केटिंग: गणवेशाचा सीझन सोडू नका. डिजिटलची आवड असेल तर पुणे किंवा घर.

आणि घरी पैशांची ओढाताण असेल तर पुण्याचा हट्ट धरू नका. सोलापुरात इंटर्नशिप केली म्हणून पुण्याची नोकरी नाकारली गेली, असं मी अजून पाहिलेलं नाही. एम.कॉम.वाल्यांसाठी तर प्रश्नच नाही. नव्या शैक्षणिक धोरणातलं चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग इतकं थोडक्यात आटपतं की तेवढ्यासाठी पुण्यात कॉट घेणं परवडत नाही.

शोध फेब्रुवारीतच सुरू करा. एप्रिल-मे लगीनसराईचा, मालक जागेवर सापडत नाहीत. छोट्या कारखान्यात जाणार असाल तर कॉलेजचं पत्र, जॉइनिंग लेटरचा आणि शेवटच्या सर्टिफिकेटचा मसुदा स्वतः टाइप करून घेऊन जा. त्यांना फक्त लेटरहेडवर छापून सही-शिक्का करायचा एवढंच काम ठेवा. साप्ताहिक डायरीवर दर शनिवारी सही घ्या. सगळ्या सह्या एकदम जुलैत मागायला गेलात तर मालक वारीला गेलेले असतात.