टेबलावरचं स्प्रे पायरोलिसिस यंत्र: थर चांगला येतो, पण पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका

द्रावण तापलेल्या काचेवर फवारून तिच्यावर पातळ थर, म्हणजे फिल्म, वाढवायची पद्धत म्हणजे स्प्रे पायरोलिसिस. झिंक ऑक्साइड किंवा फ्लोरीन मिसळलेल्या टिन ऑक्साइडच्या फिल्म काढायला निर्वात यंत्रणा लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या पद्धतीवर कित्येक वर्षं काम चालू आहे. हे परीक्षण आहे देशी बनावटीच्या, टेबलावर मावणाऱ्या अर्धस्वयंचलित यंत्राचं. १५ बाय १५ सेंटिमीटरची, ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापणारी हॉट प्लेट, दोन दिशांना सरकणारं नोझल, सिरिंज पंप, कंप्रेसरची हवा आणि वर धूर ओढणारं हूड, असा त्याचा सगळा पसारा.

मत आधीच सांगतो. १५० नॅनोमीटरच्या वरच्या फिल्मसाठी यंत्र घ्यावं असं आहे. नोझलची हालचाल एकसारखी आहे, सिरिंज पंप मिनिटाला २ ते ५ मिली न अडखळता देतो. कमी पडतं ते तापमानाच्या बाबतीत, आणि या पद्धतीत सगळा खेळ तापमानाचाच.

कंट्रोलरचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा तारांचा जोड, प्लेटच्या पोटात बसवलेला असतो. पडद्यावर ४५० दिसतं तेव्हा काचेचा वरचा पृष्ठभाग सहज २०-३० अंशांनी मागे असतो, आणि फवारा सुरू झाला की आणखी खाली जातो. त्यात प्लेट सपाट नसेल तर काचेच्या पट्टीखाली, म्हणजे स्लाइडखाली, हवेची फट राहते आणि एकाच स्लाइडची दोन टोकं दोन वेगळ्या तापमानांवर वाढतात. प्लेट गार असताना स्टीलची पट्टी आडवी उभी धरून प्रकाशाकडे बघा. खालून उजेडाची रेघ दिसली, तर प्लेट ग्राइंडिंग करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पृष्ठभागाचं तापमान तपासायचा भरवशाचा उपाय म्हणजे एका जादा स्लाइडवर बारीक तारेचा के-टाइप थर्मोकपल सिरॅमिक सिमेंटनं चिकटवून, फवारा चालू असतानाच आकडा वाचणं. तेवढी सोय नसेल तर शुद्ध जस्ताचा छोटा कीस काचेवर ठेवा. जस्त ४१९.५ अंशांना वितळतं. त्यावर ऑक्साइडची साय धरते, म्हणून नुसतं बघून कळत नाही, स्टीलच्या सुईनं टोचून पाहावं लागतं. खालच्या पट्ट्यासाठी कथील घ्या, ते २३१.९ ला वितळतं. यंत्रासोबत येणारी, न टेकवता तापमान वाचणारी इन्फ्रारेड गन मात्र टिन ऑक्साइडसाठी बाजूला ठेवा. ही फिल्म जसजशी वाहक होत जाते तसतशी ती उष्णतेचं उत्सर्जन कमी करते, त्यामुळे गन खोटा, कमी आकडा दाखवते. तो खरा मानून वापरणारा प्लेट आणखी तापवत बसतो आणि काच खराब करतो.

तापमानानं फिल्म का बदलते, याचं चित्र विगिए आणि स्पिट्झ या संशोधकांनी १९७५ मध्ये मांडलं, ते आजही उपयोगी पडतं. काच थंड असेल तर थेंब ओलाच पडतो, पसरतो आणि मग आटतो. मागे गोल कडांचे डाग राहतात. थोडं वर गेलं की द्रावक वाटेतच उडतो आणि कोरडं क्षार काचेवर येऊन विघटित होतं. त्याच्याही वर क्षाराची वाफ होऊन ती काचेच्या पृष्ठभागावर अभिक्रिया करते, आणि तेव्हा घट्ट, पारदर्शक, काचेला धरून बसणारी फिल्म मिळते. तापमान याच्याही पुढे गेलं की अभिक्रिया हवेतच उरकते आणि काचेवर पांढरी भुकटी पडते. कोरडं बोट फिरवलं की ती निघते. द्रावण, थेंबाचा आकार, नोझलची उंची या साऱ्यांचं काम एवढंच, की थेंब तिसऱ्या अवस्थेत काचेजवळ पोचावा. म्हणून नोझल २५ सेंटिमीटरवरून ३० वर नेलं, तर तेच तापमान चालेल असं धरू नका.

झिंक ऑक्साइडसाठी १०० मिली ०.१ मोलर द्रावणाला झिंक ॲसिटेट डायहायड्रेट २.१९५ ग्रॅम. नुसत्या पाण्यात ते गढूळ होतं, ॲसेटिक ॲसिडचे काही थेंब टाकले की निवळतं. पृष्ठभाग ४०० ते ४५० अंशांच्या पट्ट्यात ठेवला तर एक्स-रे डिफ्रॅक्शनमध्ये (स्फटिकांची रचना दाखवणाऱ्या क्ष-किरण चाचणीत) ३४.४ अंशांच्या कोनातलं शिखर, म्हणजे स्फटिकांची ००२ दिशा, ठळक होतं. ३०० च्या खाली ॲसिटेटचे अवशेष राहून फिल्म दुधाळ दिसते.

टिन ऑक्साइडला स्टॅनिक क्लोराइड पेंटाहायड्रेट १०० मिलीला ३.५०६ ग्रॅम, थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि अमोनियम फ्लोराइड. फ्लोराइड काचेला खातं, तेव्हा बीकर आणि सिरिंज दोन्ही प्लास्टिकची. द्रावणातल्या फ्लोरीनपैकी थोडाच फिल्ममध्ये शिरतो, बाकीचा धुरात जातो, त्यामुळे हूड जोरात ओढत नसेल तर यंत्र सुरूच करू नये. इथे ४५० ते ५०० अंश लागतात. साध्या सोडा-लाइम स्लाइडमधला सोडियम या तापमानाला वर येतो आणि क्लोराइडशी मिळून मिठाचे बारीक कण धरतो. फिल्म धुरकट दिसते ती बऱ्याचदा यामुळे. कारखान्यातल्या वाहक काचेत खाली सिलिकाचा थर देतात तो याचसाठी. चांगली जमलेली अर्धा मायक्रॉनची फिल्म चौरसाला १० ते २० ओहम इतका पृष्ठरोध देते.

फवारा सलग मारू नका. यंत्रात ५ सेकंद फवारा आणि ३० सेकंद विश्रांती अशी आवर्तनं लावता येतात, ही त्याची सर्वांत उपयोगी सोय, आणि माहितीपत्रकात तिचा उल्लेख एका ओळीत उरकलाय. विश्रांतीत काच पुन्हा तापते. सलग फवाऱ्यात वरचा निम्मा थर वेगळ्याच तापमानावर वाढतो, आणि मग रोधकता का बदलली याचा शोध द्रावणात घेतला जातो.

जाडी मोजायचं प्रोफाइलोमीटर हे उपकरण नसेल तर वजन करा. २.५ बाय ७.५ सेंटिमीटरच्या स्लाइडवर ४०० नॅनोमीटर झिंक ऑक्साइड म्हणजे सुमारे ४.२ मिलिग्रॅम, तेव्हा ०.१ मिलिग्रॅम वाचणारा तराजू जवळपास १० नॅनोमीटरपर्यंतचा फरक दाखवतो. स्लाइडच्या मागच्या बाजूला गेलेला फवारा आधी पुसून घ्या. समानता तर डोळ्यांनीच कळते. स्लाइड खिडकीकडे तिरकी धरली की गुलाबी आणि हिरवे पट्टे दिसतात. तोच रंग पुन्हा आला तर तेवढ्या अंतरात जाडी साधारण १४० नॅनोमीटरनं बदलली. मध्यभागी एकच रंग आणि कडेला अर्धा पट्टा, इतपत चालेल. दोनतीन पट्टे दिसले तर नोझल तिरकं आहे किंवा त्याच्या सुईत क्षार अडकलंय.

फवारा संपल्यावर प्लेट बंद करून स्लाइड तिथेच थंड होऊ द्या, उचलून फरशीवर ठेवली की तडा जातो. झिंक ऑक्साइड हवेत सावकाश थंड होताना कणांच्या सीमांवर ऑक्सिजन चिकटतो, इलेक्ट्रॉन धरून ठेवतो आणि रोध वाढतो. उन्हात ठेवली की तीच फिल्म कमी रोध दाखवते. म्हणून थंड करण्याची रीत दर वेळी एकच ठेवा आणि मोजणी अंधारात करा, नाहीतर आकड्यांची तुलना निरर्थक.

यंत्रातल्या उरलेल्या तक्रारी: सरकण्याच्या दांड्या साध्या स्टीलच्या आहेत, क्लोराइडच्या धुरानं त्यांना गंज धरतो, दर आठवड्याला पुसून तेलाचा हात लागतो. कंप्रेसरच्या वाटेवर तेल आणि पाणी अडवणारा फिल्टर वेगळा घ्यावा लागतो. तो नसेल तर फिल्ममध्ये सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. सुई बाहेर काढून साफ करता येते, हे मात्र छान.

पैसे देण्याआधी पुरवठादाराला एकच प्रयोग करून दाखवायला सांगा. पाच स्लाइड एका ओळीत, एकच द्रावण, एकच वेळापत्रक. प्रत्येकीचं आधीचं आणि नंतरचं वजन घ्या, आणि चार टोकं व मध्य अशा पाच जागी फोर-प्रोबनं, म्हणजे चार सुयांच्या मापकानं, रोध वाचा. स्लाइड-स्लाइडमधला फरक १० टक्क्यांच्या आत आला तर ऑर्डर द्या. त्याहून जास्त आला तर आधी प्लेट बदलून मागा.