कालव्यावरची पाणी वापर संस्था की नदीवरची उपसा संस्था?

महाराष्ट्रात कालव्याच्या पाण्यासाठी 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याखालची पाणी वापर संस्था आणि नदीचे पाणी उचलण्यासाठी 1960 च्या सहकार कायद्याखालची उपसा सिंचन संस्था, दोन्हींची सूत्रे सभासद शेतकऱ्यांच्याच हाती. सहकाराची तत्त्वे मात्र दोन्हीकडे सारखी उतरत नाहीत.

फरक सभासदत्वापासूनच सुरू होतो. उपसा संस्थेत ते ऐच्छिक. पाच शेतकरी मिळूनही नोंदणी होते. पाणी वापर संस्थेत तिच्या क्षेत्रातला प्रत्येक जमीनधारक कायद्यानेच सभासद होतो. ही सक्ती आम्हाला योग्य वाटते. चारीवरचे, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या छोट्या पाटावरचे, निम्मे लोक बाहेर राहिले, तर मोजून पाणी वाटणे अशक्यच.

एक सभासद, एक मत दोन्हीकडे. पण कालव्यावर मुखाजवळच्यांचे फावते आणि शेवटचा कोरडा राहतो. म्हणून इथे संचालक शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांतून येतात, अध्यक्षपदही फिरते. उपसा संस्थेत अशी सोय नाही. टोकाच्या शेताची पाळी पोटनियमातच लिहून घ्यावी.

पाणी वापर संस्थेला पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे घनमीटरमध्ये मोजून, मिळते. पीक कोणते घ्यायचे आणि सभासदांकडून कोणत्या दराने पट्टी घ्यायची, हे संस्था ठरवते. एक क्युसेक (सेकंदाला एक घनफूट) पाणी 24 तास चालले की सुमारे 2,450 घनमीटर होते. एका पाळीत शेताला आठ सेंटिमीटर खोलीचे पाणी द्यायचे तर हेक्टरी 800 घनमीटर लागते, म्हणजे दिवसाला जेमतेम 3 हेक्टर, गळती धरली तर त्याहून कमी. घोटाळा मोजणीत होतो. फ्ल्यूमच्या (चारीतल्या पाणी मोजण्याच्या अरुंद बांधकामाच्या) खालच्या अंगाला गाळ किंवा गवत साचले की पाणी तुंबते, मोजपट्टी चढते आणि न मिळालेल्या पाण्याचे बिल येते. तेव्हा चारी ताब्यात घेण्याआधी शासनासोबतच्या संयुक्त पाहणीत दारे, अस्तर आणि फ्ल्यूम बारकाईने तपासा. शासनाकडून दुरुस्ती होईपर्यंत हस्तांतरावर सही नको. नंतर देखभाल तुमच्याच गळ्यात पडते. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर 24 संस्थांनी महासंघ करून कारभार हाती घेतला, तो पाहून यावा.

उपसा संस्थेत खरा भार विजेचा आणि कर्जाचा. पाणी 30 मीटर उचलायचे आणि पंप-मोटरची एकूण कार्यक्षमता 60 टक्के धरली, तर घनमीटरला साधारण 0.136 युनिट वीज लागते. एकरी 324 घनमीटरच्या पाळीला 44 युनिट झाले. पाइपातले घर्षण वेगळेच. समजा, योजना 200 एकरांसाठी आखलेली असते. मग काही जण विहीर किंवा बोअर घेऊन पाणी बंद करतात. कर्जाचा हप्ता आणि वीजबिलातला स्थिर आकार मात्र तेवढाच राहतो, तो उरलेल्यांवर येतो, पट्टी वाढते, आणखी लोक गळतात. ऐच्छिक सभासदत्व इथेच संस्थेला बुडवते.

जमीन कालव्याच्या प्रवाही लाभक्षेत्रात, म्हणजे पाणी उताराने आपोआप पोहोचते तिथे, असेल तर पाणी वापर संस्थाच करा. उपसा संस्था फक्त उंचावरच्या जमिनीसाठी, तीही भागभांडवल एकरांच्या प्रमाणात आधी रोख जमा झाल्यावर. पाणी घ्या वा न घ्या, हप्त्याचा वाटा भरावा लागेल, असा करार प्रत्येकाकडून लिहून घ्या. शिवाय वसुली उसाच्या बिलातून होणार असेल, तर साखर कारखान्याची लेखी हमी कर्जाच्या अर्जाआधी हातात हवी.