गिझरचं लाल बटन दाबायचे माझ्याकडून ७,९९९ रुपये घेतले

नागपुरातल्या मानेवाडा, बेसा, मनीषनगर साइडच्या लोकांनी हे वाचाच. नेटवरच्या खोट्या कस्टमर केअर नंबरांचं कसं चालतं ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं, बँकेच्या नावाने फोन आला तर मी ओटीपी सांगणारी बाई नाही. पण गिझरसाठीही कोणी असं जाळं लावून बसलं असेल हे कोणाच्या डोक्यात येतं?

आमचा २५ लिटरचा गिझर भर थंडीत एकदम बंद पडला. लाइट लागेना, पाणी बर्फ. घरात सासूबाई, त्यांचे गुडघे गेलेले, मिस्टर ड्युटीवर चंद्रपूरला, अन् वॉरंटी कार्ड सापडेना. मी कंपनीचं नाव टाकून नागपूर सर्व्हिस सेंटर शोधलं अन् सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. यात माझं काय चुकलं ते कोणी सांगावं, सगळे हेच करतात.

पण एक गोष्ट मला अजून रात्री झोपू देत नाही. फोन उचलल्या उचलल्या त्या मुलीने विचारलं, "मॅडम, कौनसी कंपनी का गीझर है?" अरे, तुम्ही त्याच कंपनीचं कस्टमर केअर ना, मग कंपनी मला काय विचारता? तिथेच फोन ठेवायचा होता. पण इकडे सासूबाई हाका मारत होत्या अन् ती पोरगी इतकं गोड बोलत होती की मी नाव सांगून मोकळी झाले. मग पुढे सगळं त्याच नावाने, टी-शर्टवर लोगोसुद्धा.

आलेल्या माणसाने खालचं झाकण काढलं, "काकू, एमसीबी बंद करून या" म्हणून मला हॉलमध्ये पाठवलं, अन् मी परत आले तेव्हा आतून टक असा बारीक आवाज आला. नवीन पार्टचा खोका तोवर सीलबंदच पडला होता. तो टक म्हणजे कटआउटचं लाल बटन होतं. पाणी प्रमाणाबाहेर तापलं, ९० डिग्रीच्या आसपास गेलं, की हा कटआउट करंट तोडतो अन् मग हाताने बटन दाबेपर्यंत गिझर चालू होत नाही. म्हणजे गिझर जळलेला नव्हता, त्याने स्वतःला वाचवलं होतं. हे मला आता कळतंय.

मला मात्र सांगितलं एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारा रॉड, जळला. बिल असं: व्हिजिट ३५०, एलिमेंट १,८५०, थर्मोस्टॅट (पाणी ठरलेलं तापलं की करंट बंद करणारा पार्ट) किट १,४५०, केमिकल वॉश १,२००, वर्षाची एएमसी, म्हणजे देखभालीचा करार, १,९९९. एकूण ६,८४९. जुना एलिमेंट मागितला तर म्हणे कंपनीत जमा करावा लागतो. यूपीआयवर कोण्या माणसाचं नाव दिसलं, विचारलं तर सुपरवायझरचं खातं आहे म्हणाला. बिलावर जीएसटी नंबर नाही.

पुढच्या आठवड्यात गिझर परत ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. तोच माणूस आला, "सेन्सर गेला" म्हणून आणखी १,१५० घेऊन गेला. त्यानंतर जे झालं त्याने माझे हातपाय गार पडले. नळातून फुसफुस करत वाफ, वरच्या व्हॉल्व्हमधून उकळतं पाणी. मेन स्विच बंद करून गल्लीतल्या जुन्या इलेक्ट्रिशियन भाऊंना बोलावलं, त्यांनी झाकण काढून मला जवळ बोलावून दाखवलं: कटआउटच्या दोन्ही टोकांना लाल वायरचा तुकडा जोडलेला, वर काळी टेप. कटआउट बायपासच करून टाकला होता, म्हणजे पाणी कितीही तापलं तरी करंट तुटणारच नाही! एलिमेंट जुनाच, त्यावर बोरच्या पाण्याचा पांढरा थर बोटभर. थर्मोस्टॅटही जुनाच, त्याचे पॉइंट चिकटलेले, म्हणून पाणी तापतच राहायचं अन् कटआउट पडायचा. त्या दिवशी सासूबाई नळाखाली बसल्या असत्या तर? पैशाचं जाऊ द्या, पण हे तर जिवावरचं काम आहे.

भाऊंनी काय घेतलं तेही लिहिते: थर्मोस्टॅट ३२०, मॅग्नेशियमचा रॉड (टाकीला गंज लागू नये म्हणून असतो तो) २५०, टाकी रिकामी करून थर काढायची मजुरी ४००. झालं ९७० मध्ये.

आता पोलीस. ठाण्यात गेले तर म्हणाले नंबर नेटवरचा, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणतात माणूस घरी आला, काम करून गेला, हा सायबर नाही, तुमच्याच ठाण्यात जा. परत ठाण्यात, तर साहेब म्हणतात, "मॅडम, पैसे तुम्ही राजीखुशीने दिले." राजीखुशीने? खोटं नाव सांगून घेतलेला पैसा राजीखुशीचा कसा होतो? फसवणुकीचं जुनं कलम ४२० गेलं, पण ते नव्या भारतीय न्याय संहितेत ३१८ झालं आहे, रद्द नाही झालं. अर्ज घेतला, पोचपावतीवर शिक्का मारायला मात्र हात चालेना, उभी राहिले म्हणून मिळाला. अन् खरी कंपनी? "तो आमचा टेक्निशियन नाही," अन् वर काय, बाहेरच्या माणसाने उघडला म्हणून टाकीची वॉरंटी बाद! यांच्या नावाने कोणी नंबर चालवतो, लोगो वापरतो, अन् दंड मी भरायचा.

तर बाबांनो, नंबर वॉरंटी कार्डवरचा किंवा गिझरच्या स्टिकरवरचाच घ्या. जुना पार्ट हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. गिझर अचानक मेला तर मेन बंद करा, पाणी थंड होऊ द्या, मग माहितीच्या माणसाकडून ते लाल बटन एकदा दाबून घ्या, परत पडलं तर दाबत बसू नका, थर्मोस्टॅट अन् एलिमेंट तपासायला सांगा. एलिमेंट जळला म्हणाला की मल्टिमीटर लावून दाखव म्हणा, २,००० वॅटचा धड एलिमेंट २६ ओमच्या जवळपास दाखवतो. कटआउट बायपास करतो म्हणणाऱ्याला उभं करू नका. बोरचं पाणी असेल तर थर दरवर्षी काढा.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, अन् ग्राहक आयोगात वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी लागत नाही. मी जिल्हा आयोगात टाकते आहे. ज्यांच्याकडे असाच सुपरवायझरच्या खात्यात पैसे घेणारा येऊन गेला, त्यांनी बिलाचा अन् यूपीआयच्या पावतीचा फोटो मला द्या, दोन-चार घरं मिळाली की राजीखुशीचं उत्तर चालणार नाही.